जातीचं कुत्रं

वडीगोद्रीत 'जात' हा शब्द अलीकडे जरा जपूनच वापरावा लागतो. २०२३ आणि २०२४ मध्ये आरक्षणाच्या आंदोलनांमुळे शेजारची अंतरवाली सराटी आणि आमचं वडीगोद्री रोज टीव्हीवर होतं, हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणून आधीच सांगून टाकतो, हा लेख कुत्र्यांच्या जातींबद्दल आहे. गैरसमज नसावा!

विषय डोक्यात घोळतोय तो २०२३ च्या दिवाळीपासून. झालं असं, की आम्ही सगळे गावी गेलो होतो. दादाची (माझा मोठा चुलतभाऊ) वस्ती कालव्याच्या पलीकडे, उसाच्या रानात. वस्तीवर दोन कुत्री. एक चंपी. गावठी, पिवळसर, कुणी आणली नाही, आपली आपण येऊन राहिली. दुसरा बुलेट. रॉटवायलर. दादाने २०२२ मध्ये शहरातून विकत आणलेला. कारण सरळ होतं, रानातल्या मोटारी आणि केबल चोरीला जातात. दादाची केबल दोनदा गेली. तिसऱ्यांदा जाऊ नये म्हणून बुलेट आला. आणि खरं सांगायचं तर थोडी हौसही होतीच. बुलेटचा फोटो कितीतरी दिवस दादाच्या स्टेटसला होता, खाली ओळ, "वाघ आहे वाघ".

वस्तीवर पाय ठेवल्या ठेवल्या बायकोने लेकीला बजावलं, "त्या काळ्याजवळ जायचं नाही." मीही दोनदा बजावलं. लेक तेव्हा सात वर्षांची. ती शहाण्यासारखी काळ्याजवळ गेलीच नाही. ती चंपीजवळ गेली. चंपी ओट्याच्या आडोशाला पिल्लं घेऊन बसली होती. चार पिल्लं, डोळे नुकतेच उघडलेली. लेकीने त्यातलं एक उचलायला हात घातला आणि चंपीने तो हात धरला.

रक्त बघून मोठी आई तिखटाचा डबा घेऊन धावली. कुत्रं चावलं की जखमेत मिरचीपूड भरायची, हा आमच्याकडचा जुना उपाय. वहिनीने तिला अडवलं आणि लेकीला सरळ मोटारीच्या पाण्याखाली बसवून पंधरा मिनिटं साबणाने हात धुतला. (वहिनी, हे सगळ्यांसमोर सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी घरात डोकं ठिकाणावर असलेली माणसं एकच होती.) मग दवाखाना. रक्त आलं होतं म्हणून लशीबरोबर जखमेत सीरमही द्यावं लागलं आणि त्यासाठी पुढे जालन्यापर्यंत पळावं लागलं. मग तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, अठ्ठाविसाव्या दिवशी लस. आमच्या लहानपणी बेंबीभोवती चौदा इंजेक्शनांची भीती घालायचे, ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. एवढं एक सुख. चंपीवर दहा दिवस लक्ष ठेवलं, ती ठणठणीत राहिली. लेकही बरी झाली. तळहाताच्या बाजूला दोन बारीक खुणा आहेत, बस्स.

आता खरी गंमत पुढे आहे. गंमत म्हणजे, तेव्हा ती गंमत वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून माणसं भेटायला यायला लागली. येणारा प्रत्येक जण आधी बुलेटकडे बघायचा आणि मग लेकीकडे. "यानंच ना?" आम्ही सांगायचो, नाही हो, चंपीने. लोक मान हलवायचे, पण त्यांना ते पटत नव्हतं. तिसऱ्या दिवशी शहागडहून एका नातेवाइकांचा फोन, "तुमच्या त्या वाघानं पोरीला तोडलं म्हणं?" जालन्यापर्यंत बातमी पोचली तेव्हा हाताला बारा टाके पडलेले होते! बिचारा बुलेट या सगळ्या काळात मोटारीच्या खोलीजवळ साखळीला बांधलेला होता. त्याने काही केलं नव्हतं. पण चेहरा त्याचा होता, नाव त्याचं होतं. चंपीच्या नावावर बातमी चालत नाही, बुलेटच्या नावावर चालते.

हे फक्त आमच्याच गावाचं नाही. गोदावरीच्या पलीकडे बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातलं लवूळ आठवतंय? डिसेंबर २०२१ मध्ये या छोट्या गावाची बातमी जगभर गेली होती. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, घरांवर नेत होती आणि काही पिल्लं मरत होती, इथपर्यंत ठीक. पण बातमी झाली ती वानरांनी सूड म्हणून अडीचशे कुत्री मारल्याची. टोळीयुद्ध वगैरे. वन विभागाने दोन वानरं पकडून नेली तीही बातमी झाली. अडीचशे हा आकडा कुणी मोजला होता, हे विचारायला मात्र फारसं कुणी थांबलं नाही. एकदा गोष्ट चांगली जमली की तिला पुरावा लागत नाही.

तेव्हापासून मी बुलेटच्या बाजूचा वकील झालो. आणि वकिली करायला लगेच संधीही आली. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं. तेवीस जातींची कुत्री हिंस्र आहेत, त्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, ज्यांच्याकडे आधीच आहेत त्यांनी नसबंदी करून घ्यावी. यादीत पिटबुल होता, रॉटवायलर होता. संध्याकाळी दादाचा फोन, "आता रे? याला घेऊन जातेत का काय?"

मी ती यादी शोधून वाचली. मंडळी, यादी वाचण्यासारखी होती. त्यात 'टेरियर' एवढंच लिहिलेलं एक नाव होतं. टेरियर हा कुत्र्यांचा अख्खा गट आहे, त्यात मांडीवर मावणारी कुत्रीही येतात. 'मॅस्टिफ' हेही तसंच मोघम. जपानची तोसा जात एकाच यादीत दोनदा, दोन वेगळ्या नावांनी. म्हणजे यादी करणाऱ्याने ही कुत्री पाहिली असतील का, अशी शंका यावी! पुढे १० एप्रिल २०२४ ला कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं न ऐकताच ते काढलं, हा मुख्य आक्षेप. मी दादाला फोन करून विजयी स्वरात सांगितलं. "बघ, मी म्हणत होतो ना!"

माझ्या वकिलीला आधारही बऱ्यापैकी होते. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या वागण्याची माहिती त्यांच्या मालकांकडून घेतली होती आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचे जनुक तपासले होते. निष्कर्ष असा, की एक कुत्रं दुसऱ्यापेक्षा वेगळं का वागतं, यातला साधारण नऊ टक्केच भाग जातीने सांगता येतो. चिडण्याच्या बाबतीत तर जातीवरून अंदाज बांधणं फारच कच्चं. हॉलंडने १९९३ मध्ये पिटबुलवर बंदी घातली होती. पंधरा वर्षांनी, २००८ मध्ये, ती उठवायचं ठरवलं, कारण चावण्याचं प्रमाण कमी झालंच नाही. ब्रिटनमध्ये १९९१ पासून कायदा आहे. चार जातींवर बंदी होती, मग एक्सएल बुली नावाची पाचवी आली आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून तीही सवलतीच्या दाखल्याशिवाय पाळता येत नाही. मधल्या तीस वर्षांत तिथे कुत्रं चावून रुग्णालयात दाखल होणारे वाढतच गेले. एका जातीवर बंदी आली की ज्याला दरारा हवा आहे तो दुसरी जात शोधतो.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? आमच्या लहानपणी भीती अल्सेशियनची होती. मग डॉबरमन आला. बंगल्याच्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध रहा' आणि आत डॉबरमन, हे चित्र पक्कं होतं. मग रॉटवायलर, आता पिटबुल. दर दहा-पंधरा वर्षांनी खलनायक बदलतो. आणि या सगळ्या काळात फ्लॅटमधले पांढरेशुभ्र पामेरियन येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पोटऱ्या धरतच होते, पण त्यांना कुणी हिंस्र म्हटलं नाही. "अगं बाई, चावरा आहे हं आमचा" असं कौतुकाने सांगायचे!

अशी माझी बाजू भक्कम झाली होती. आणि मग २०२५ च्या जानेवारीत बुलेटने शेळी मारली.

शेजारच्या वस्तीवरची शेळी, गाभण. चरत चरत दादाच्या बांधापर्यंत आली. बुलेटच्या साखळीची कडी झिजलेली होती, हिसक्यासरशी तुटली. दादा हातात फावडं घेऊन धावला, अंतर असेल पन्नास-साठ पावलांचं. तो पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. दादा फोनवर एवढंच म्हणाला, "अरे, ओरडायलाबी वेळ नाही मिळाला तिला."

त्या रात्री मला झोप लागली नाही. शेळीचं वाईट वाटलंच, पण डोळ्यांसमोर येत होता तो लेकीचा हात. चंपीच्या जागी बुलेट असता तर? चंपीने धरलं आणि सोडलं, दोन खुणा राहिल्या. बुलेटने धरलं असतं तर मी आज नऊ टक्क्यांचा हिशेब सांगत बसलो असतो का?

इथे माझी वकिली थांबली आणि थोडी अक्कल आली. आपण दोन वेगळे प्रश्न एकत्र करून भांडत असतो. कुत्रं चावेल का, हा एक प्रश्न. चावलं तर काय होईल, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर जातीवरून फारसं मिळत नाही. दुसऱ्याचं मिळतं. पंचेचाळीस-पन्नास किलोचं अंग आणि तसाच जबडा ही जातीचीच देणगी आहे. रॉटवायलर हे जर्मनीतल्या रॉटवाइल गावचं कुत्रं, गुरं हाकायला आणि खाटकांच्या गाड्या ओढायला घडवलेलं. पिटबुलचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कुत्र्यांच्या झुंजींसाठी जोपासलेले. आपली कारवान घ्या, लातूरकडे ती जातिवंत मिळतात, मुधोळचीच भावकी. सशामागे पळायला घडवलेली. तिच्यासमोरून काही पळालं तर ती पळणारच, तिला कितीही संस्कार करा. 'सगळं पालनपोषणावर असतं' हे श्वानप्रेमींचं वाक्य म्हणून अर्धंच खरं आहे. आणि 'ही जातच वाईट' हे दुसऱ्या बाजूचं वाक्यही अर्धंच.

उरलेलं अर्धं कुठे आहे? मला वाटतं ते साखळीत आहे.

बुलेट कसा वाढला ते आठवून बघितलं. तो आला तेव्हा जेमतेम सव्वा महिन्याचा होता. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकू नये, असा नियम २०१७ पासून आहे, पण विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि दादाने विचारलं नाही. आई आणि भावंडांत राहून पिल्लू एक गोष्ट शिकतं, की जोरात चावलं की समोरचा खेळायचं थांबतो. ते शिकायच्या आधीच हा आला. तीन महिन्यांचा झाल्यावर साखळीला गेला. दिवसाचे बावीस तास मोटारीच्या खोलीजवळ, पत्र्याच्या सावलीत. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे तो पत्रा किती तापतो ते मी सांगायला नको. लोकांत मिसळू द्यायचा नाही, कारण मिसळला तर माणसाळेल आणि माणसाळला तर चोराला धरणार नाही. पाहुणे आले की पोरं लांबून खडे मारणार, तो भुंकणार आणि आपण म्हणणार, "बघा, कसा आहे!" म्हणजे आपल्याला तो तसाच हवा होता. दोन वर्षं आपण त्याला त्या कामासाठी तयार केलं आणि शेळी समोर आल्यावर त्याने ते काम केलं.

आता धनगरांची कुत्री बघा. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन धनगर आमच्या रानात बसायला येतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यांच्या कुत्र्यांचाही दरारा आहे. रात्री वाड्याच्या जवळून कुणी जात नाही. लांडग्यावर धावून जाणारी कुत्री ती, मऊ कशी असतील? पण तीच कुत्री त्यांच्या रांगत्या पोरांच्या अंगावरून उड्या मारत असतात, कोकरांच्या मधे झोपतात. बांधलेली नसतात. दिवसभर माणसांत, जनावरांत, कामात असतात. आपलं कोण, परकं कोण, कुठे भुंकायचं आणि कुठे थांबायचं, हे त्यांना रोज शिकायला मिळतं. दरारा तोच, पण ती कुत्री एकटी नसतात.

म्हणून माझं मत आता असं झालंय. जातीवर बंदी घालून फार काही साधणार नाही. पण दांडगं कुत्रं पाळणं हा हौसेचा मामला आहे, असं समजणंही बंद व्हायला हवं. ट्रॅक्टर चालवायला परवाना लागतो आणि सायकलला लागत नाही, त्यात ट्रॅक्टरचा अपमान नाही. तसं वजनदार, ताकदवान कुत्रं पाळणाऱ्यावर जास्तीची बंधनं असावीत. नोंदणी, दरवर्षी रेबीजची लस, नसबंदी, भक्कम कुंपण, बाहेर नेताना तोंडाला जाळी, आणि नुकसान केलं तर भरपाई. कायमचं साखळीला बांधून ठेवायला मनाई. आणि नोंद मालकाच्या नावावर हवी, म्हणजे चर्चा कुत्र्यापासून सुरू होऊन कुत्र्यापाशीच संपणार नाही.

कायद्यात याला जागाही आहे. आपलं जनावर नीट न सांभाळल्यामुळे माणसाच्या जिवाला धोका झाला तर भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतं. त्या कलमात कुठल्याही जातीचं नाव नाही. मालकाचा निष्काळजीपणा एवढंच बघितलंय. इंग्रजांच्या काळापासून हे कलम जुन्या दंडविधानात होतं, नव्यातही आलं. आपण त्याचा उपयोग करत नाही, कारण कुत्र्याला गोळी घाला म्हणणं सोपं असतं आणि शेजाऱ्यावर तक्रार करणं अवघड.

आणखी एक. पिटबुल-रॉटवायलरच्या बातम्या वाचताना आपण चंपीला विसरतो. माणसांना होणारा रेबीज जवळपास सगळा, नव्व्याण्णव टक्क्यांपर्यंत, कुत्र्यांपासूनच येतो. आणि गावात चावणारं कुत्रं बहुतेक वेळा असंच असतं, ओळखीचं, बिनजातीचं, बिनलशीचं. त्या दिवाळीत चंपीला लस दिलेली नव्हती. बुलेटला दिलेली होती, कारण तो विकतचा होता! ही चूक कुणा एकाची नाही, आमची सगळ्यांचीच. महागड्या कुत्र्याची भीती आणि फुकटच्या कुत्र्याची बेफिकिरी, दोन्ही बरोबरच चालतात.

असो. शेळीची गोष्ट अर्धी राहिली. दादाने शेळीचे पैसे दिले, गाभण होती म्हणून वर थोडे जास्त दिले. गावात दोन मतं पडली. एक म्हणे इंजेक्शन देऊन संपवा, दुसरं म्हणे लांब कालव्यावर सोडून द्या. दुसरं तर पहिल्यापेक्षा वाईट, आपला धोका उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवायचा. मीही दादाला स्पष्ट सांगितलं, की घरात लहान पोरं आहेत, तुझ्याने होणार नसेल तर सांग, नीट सांभाळणारं कुणी शोधू. दादा दोन दिवस काही बोलला नाही. मग त्याने मोटारीच्या खोलीमागे चांगली दहा बाय वीसची जागा जाळीने बंद केली, वर निम्मं शेडनेट, निम्मी लिंबाची सावली. फाटकाला दोन कड्या. साखळी काढून टाकली. पहाटे तो त्याला तोंडाला जाळी बांधून स्वतः कालव्याच्या कडेने फिरवून आणतो. नसबंदीही करून घेतली.

बुलेट सुधारला का? मला माहीत नाही, आणि असं खात्रीने म्हणणाऱ्या माणसावर माझा विश्वासही नाही. भुंकणं कमी झालंय एवढं दादा सांगतो. त्याच्याबरोबर पोरांना मोकळं सोडायला मी आजही तयार नाही आणि हे त्याला सांगून झालंय. केबल त्यानंतर गेलेली नाही, पण ते बुलेटमुळे की चोरांनी गाव बदलल्यामुळे, तेही सांगता येत नाही.

लेक आता वस्तीवर गेली की चंपीच्या अंगाला अंग लावून बसते. हातावरच्या खुणा चंपीच्या आहेत, हे तिला आठवतही नसावं. बुलेटच्या जाळीसमोरून जाताना मात्र माझा हात घट्ट धरते. तिला समजावून सांगायचा मी एकदा प्रयत्न केला. मग सोडून दिला, कारण तिचं काय चुकलं हे मलाच नीट सांगता येईना.

दादा, तू हे वाचणार आहेसच. रागावू नकोस, फोन कर. आणि बुलेट-चंपी दोघांच्या लशीची तारीख या महिन्यात आहे. या वेळी दोघांचीही.